नगाऱ्याचा मान, ढोलाचा आवाज

रायगडावर राजसभेत शिरताना नगारखान्याचं उंच दार लागतं. राजाच्या आधी वाद्य! नौबत वाजवायचा हक्क राजाकडून मिळे, तो सरदाराचा मान असे. आफ्रिकेतल्या काँगो राज्यातही खास ढोल राजसत्तेची खूण होते.

आता आपल्या डोंबिवलीत या. १९९९ साली इथं गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. आज फडके रोडवर कॉलेजातली मुलं-मुली कंबरेला ढोल बांधतात. कुणाच्या परवान्यानं नाही, स्वतःच्या हौसेनं. राजाचा मान रस्त्यावर आला, ही मोठीच कमाई आहे.

पण कान देऊन ऐका. ढोलाच्या एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थापी. शंभर ढोल एकदम टिपऱ्यावर तुटून पडले की थापीचा घुमार बुडतो आणि चाल देणारा ताशाही. उरतो तो गोंगाट. गोंधळातला संबळ बघा: कथेला रेटा देतो, मग थांबतो, गोंधळ्याला बोलू देतो. देवळातला चौघडाही वेळ सांगायचा. वाद्य काही सांगत होतं.

पथकाची थोरवी ढोलांच्या संख्येत नाही, विरामात आहे. पुढच्या पाडव्याला एवढंच तपासा, थापी ऐकू येते का?