संकासुराचे स्थान : शिमग्याची लोककथा आणि भूमिका-खेळांची विश्वरचना

प्रस्तावना

चार-सहा जणांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घ्यावी आणि एका सूत्रधाराने त्यांच्यापुढे एक काल्पनिक जग उलगडत न्यावे, असे या भूमिका-खेळांचे सामान्य स्वरूप असते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला ग्रंथरूप मिळाले. त्यात देव, दानव, स्वर्ग, नरक आणि सणवार यांची तपशीलवार व्यवस्था लावलेली असते. आता कोकणातील शिमगा अशा एखाद्या जगात आणावयाचा झाल्यास संकासुराला कोठे बसवावयाचे, हा प्रश्न वरकरणी पोरखेळाचा वाटेल. तथापि हाच प्रश्न आपल्या परीने पुराणिकांनी सोडविला, दशावतारी मंडळींनी सोडविला आणि जोतीराव फुले यांनी तर तो उलटा करून विचारला. म्हणून प्रस्तुत लेखात या खेळाच्या व्यवस्थेची चिकित्सा संकासुराच्या निमित्ताने केली आहे.

उत्तर रत्नागिरीतील संकासूर

मंडणगड, दापोली, खेड, गुहागर या पट्ट्यात फाल्गुन महिन्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि नमन-खेळ्यांचे फड रंगतात. मृदंग व झांजेच्या साथीने गण, गौळण व वग सादर करणारी ही परंपरा प्रामुख्याने कुणबी समाजाने जतन केली आहे. तिच्यातील संकासूर अंगभर काळा वेश, डोक्यावर निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू अशा थाटात येतो. लहान मुले त्याला भितात, आणि तीच मुले त्याच्या मागे धावतात. घरातील वडीलधारी माणसे त्याच्यापुढे हात जोडतात, त्याला नवस बोलतात. नावात 'असुर' असूनही त्याच्या येण्याने घरावरचे अरिष्ट टळते अशी भावना आहे.

सिंधुदुर्गाकडे वळले की हाच संकासूर दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, भेटतो. तेथे तो ब्रह्मदेवाचे वेद पळवितो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो; मात्र मरण्यापूर्वी मालवणी बोलीत प्रेक्षकांना मनसोक्त हसवून घेतो. एकाच कोकणात एक संकासूर रात्री मारला जातो आणि दुसऱ्याला सकाळी नारळ दिला जातो. या दोहोंपैकी मूळ कोणता, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत, हेच येथे महत्त्वाचे.

पुराणांची सैल व्यवस्था

पुराणांनी या व्यक्तिरेखेला विश्वरचनेत जागा दिली खरी, पण ती एक नव्हे. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात समुद्राचा पुत्र शंख वेद हरण करतो आणि मत्स्यरूप विष्णू त्याचा वध करतो. भागवतात मत्स्यावताराच्या कथेत वेद चोरणारा हयग्रीव आहे; शंखरूपाने समुद्रात राहणारा पंचजन दैत्य तेथे निराळ्या प्रसंगी कृष्णाच्या हातून मरतो. त्यातही मौज अशी की, शंखासुराची पौराणिक तिथी कार्तिकात येते, तर कोकणचा संकासूर फाल्गुनात नाचतो. पुराणाने त्याला नाव दिले, वैर दिले, मृत्यूही दिला. महिना मात्र त्याने गावाचाच ठेवला.

होळीच्या अग्नीचेही असेच आहे. प्रल्हादाची आत्या होलिका, कृष्णाला विष पाजणारी पूतना, शिवाने जाळलेला मदन अशा अनेक कथा त्या एकाच अग्नीभोवती गोळा झाल्या. भविष्यपुराणाच्या उत्तरपर्वात रघुराजाच्या राज्यातील ढुंढा राक्षसीची कथा येते. मुलांना छळणारी ही राक्षसी मुलांच्याच आरडाओरड्याने व अर्वाच्य शब्दांनी पळते. शिमग्यातील बोंबेला यापेक्षा चांगले शास्त्र मिळणे कठीण. मॅकिम मॅरियट यांनी १९५५ साली ग्रामीण भारताच्या अभ्यासात स्थानिक श्रद्धा व्यापक परंपरेत जाणे आणि व्यापक परंपरा स्थानिक होणे, अशा दोन उलटसुलट प्रवाहांचा विचार मांडला. शिमग्यात हे दोन्ही प्रवाह एकाच अंगणात दिसतात.

खेळाची घट्ट व्यवस्था

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रत्येक जीवाची नैतिक प्रवृत्ती नऊ खणांच्या कोष्टकात ठरते. एका बाजूला नियमबद्ध ते स्वैर आणि दुसऱ्या बाजूला सत् ते असत् अशी ती मांडणी आहे. त्या प्रवृत्तीनुसार विश्वातील लोकही ठरलेले असतात. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' आला तो नियमबद्ध-असत् या खणात. २०१४ च्या आवृत्तीत त्याचे मूळस्थान 'नऊ नरक' असल्याचे सांगितले गेले. बिभीषण, घटोत्कच आणि हिडिंबा यांची कथा ज्या वाचकाने लहानपणी ऐकली आहे, त्याला हा खण फार अरुंद वाटेल. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात इंद्र, काली, विष्णू यांनाही अंकांत बसविले आहे; किती घाव सोसल्यावर देव मरेल, याचाही आकडा तेथे आहे. यात अवमानाचा हेतू दिसत नाही. देवता ही उपासकांशी असलेल्या नात्याने ठरते, हे लक्षात न आल्याने ती वस्तूप्रमाणे मोजली गेली, इतकेच.

या रीतीने संकासुराची नोंद केली तर काय होईल, हे सांगणे अवघड नाही. 'असुर' या शब्दावरून तो असत् ठरेल, नरकात जाईल आणि खेळाडू त्याला मारून गुण मिळवतील. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही 'असुर' म्हटले आहे, याची आठवण त्या कोष्टकाला असणार नाही. शिवाय हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) मत्स्य व शंखासुर यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. मत्स्याला समुद्रमार्गे आलेल्या टोळीचा नायक आणि शंखासुराला या भूमीचा क्षेत्रपती मानले. हा इतिहास म्हणून स्वीकारावा की नाही, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु विश्वरचना कोणी केली यावर असुर कोण हे ठरते, हा त्यातील मुद्दा निरुत्तर करणारा आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे, तेथे तरी हा मुद्दा सहज नजरेआड होऊ नये. ज्या समाजाने संकासुराला नाचविले, त्याच्या अंगणातून उचलून त्याला नरकाच्या यादीत टाकणे ही निरागस कृती ठरत नाही.

जीव नव्हे, तिथी

विशेष म्हणजे यावरचा उपाय या खेळांच्याच दुसऱ्या अंगात सापडतो. याच खेळाचे 'ग्रेहॉक' हे जग १९८० साली ग्रंथरूपाने आले. त्याच्या पंचांगात २८ दिवसांचे १२ महिने आहेत आणि कोणत्याही महिन्यात न मोजलेले चार सणांचे सप्ताह आहेत. एड ग्रीनवूड यांच्या 'फरगॉटन रेल्म्स'मध्ये (१९८७) ३० दिवसांचे १२ महिने आणि त्यांच्यामध्ये पाच सुटे सणाचे दिवस आहेत. त्यांपैकी एक पितरांच्या स्मरणाचा. अधिकमासाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही सोय परकी वाटणार नाही. महिन्यांच्या हिशेबाबाहेर काढून ठेवलेल्या या दिवसांत रोजचे नियम शिथिल होऊ शकतात. येथे सणाला स्थळापेक्षा काळात जागा दिलेली आहे, आणि लोककथेच्या दृष्टीने ही व्यवस्था प्राणिकोशापेक्षा कितीतरी समंजस आहे.

तेव्हा संकासुराला लोक नको, प्रवृत्तीचा खण नको. त्याला फाल्गुन पंचमीनंतरचे दिवस द्यावेत. त्या दिवसांत एका खेळाडूने तो वेश घालावा. वेशात असेपर्यंत त्याला शिवी देण्याचा व आशीर्वाद देण्याचा अधिकार असावा. वेश उतरला की तो पुन्हा गावचा साधा माणूस. नमनात नेमके हेच घडते. मुखवट्याआडचा माणूस कोण, हे वाडीला ठाऊक असते, आणि तरीही नारळ संकासुरालाच दिला जातो. भूमिका-खेळाच्या मूळ कल्पनेशीही हेच अधिक सुसंगत आहे, कारण तोही भूमिका घेण्याचाच खेळ आहे. प्राणिकोशाच्या नादात त्याला स्वतःच्या या स्वभावाचा विसर पडलेला दिसतो.

तरीही एक अडचण राहते. ग्रेहॉकचे पंचांग साऱ्या जगाला एकच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र शिमगा दोन प्रकारचा आहे. काही गावांत त्रयोदशीला होम लागतो, त्याला तेरसा शिमगा म्हणतात. काही गावांत तो पौर्णिमेला लागतो, तो भद्रेचा. एका गावाची पालखी घरोघर फिरू लागते, तेव्हा दुसऱ्या गावात होमाची लाकडे रचली जात असतात. सूत्रधाराला आपल्या नकाशावर गावागणिक निराळा काळ लिहावा लागेल, आणि आजवर छापलेल्या कोणत्याही कोष्टकात त्यासाठी रकाना नाही.