भिंतीतला कान

नाईल नदीवरच्या जलप्रवासाची वर्णने वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. लेखक खांबांची उंची सांगतो, कोरीवकामावर लुब्ध होतो, 'इथे काळ थांबला आहे' अशा धर्तीचे काहीतरी लिहितो आणि बोटीवर जेवायला परततो. या मंदिरात प्रवेश कोणाला होता, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडण्याचे कारणही नाही. ज्याच्या वाडवडिलांना कोणत्याच देवळाच्या दाराशी कोणी अडवले नाही, त्याला दार म्हणजे केवळ शिल्प वाटते. ही सौंदर्यवादी दृष्टी तपासायला त्या प्रवासातला एकच दिवस पुरे आहे. लक्सरहून अस्वानकडे जाणाऱ्या बोटी सहसा सकाळी एडफूला थांबतात आणि दिवस मावळायच्या सुमारास कोम ओम्बोला. हा दिवस मीही घालवला आहे.

एडफूच्या घाटावरून टांग्याने होरस देवाच्या मंदिराकडे नेतात. मंदिराचे काम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरे झाले. राजे मॅसिडोनियन वंशाचे टॉलेमी. पण भिंतीवर ते अस्सल फॅरोच्या वेषात देवासमोर उभे आहेत. परकी राजसत्ता आणि देशी पुरोहितशाही यांचा हा करार आहे. १८१८ नंतरही पुण्याची दक्षिणा चालू ठेवणारे इंग्रज ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. इ.स.पू. २०६ ते १८६ या काळात वरच्या इजिप्तमध्ये या सत्तेविरुद्ध मोठे बंड झाले आणि एडफूचे बांधकाम वीसएक वर्षे बंद पडले. खुद्द मंदिराच्या भिंतीवर त्या बंडाची नोंद आहे. आमच्या गाईडने खांबांची उंची सांगितली.

आत जावे तसतसे छत खाली येते, जमीन चढत जाते, उजेड कमी होतो. सामान्य माणसाची मजल फार तर बाहेरच्या चौकापर्यंत. गाभाऱ्यात फक्त पुरोहित, तेही शुद्ध होऊन. इथे सावध राहिले पाहिजे. जगात जिथे तिथे आपलीच जातिव्यवस्था शोधणे हा वैचारिक आळस आहे. इजिप्तचे बरेचसे पुरोहित पाळीपाळीने सेवा करीत, आणि उत्सवात देव होडीत बसून लोकांपुढे येई. तरीही इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस लिहून गेला की, डुकरे पाळणाऱ्यांना, ते जन्माने इजिप्शियन असूनही, कोणत्याच मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांच्याशी कोणी सोयरीक करीत नसे. हेरोडोटसचे सारेच खरे मानता येत नाही. पण देऊळ आणि सोयरीक या दोन गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या आहेत. आपल्याकडच्या कितीतरी समाजशास्त्रज्ञांना हे जमलेले नाही.

मंदिराला जोडूनच नदीचे पाणी मोजण्याची पायऱ्यांची सोय आहे. पूर किती आला त्यावरून पीक आणि पिकावरून कर ठरे. बाहेरचा शेतकरी आत पोहोचत होता तो असा.

एकोणिसाव्या शतकात हे मंदिर वाळूत आणि गाळात बुडालेले होते. त्याच्या छपरावर गावकऱ्यांची घरे होती. १८६० च्या सुमारास ऑग्युस्त मारिएतने ती हटवली आणि मंदिर मोकळे केले. याला मंदिराची 'मुक्तता' म्हणण्याचा प्रघात आहे. माणसांची घरे या भाषेत ढिगाऱ्यात जमा होतात.

संध्याकाळी कोम ओम्बो. मगरमुखी सोबेक आणि होरसचे एक रूप अशा दोघांचे हे जोडमंदिर. त्याच्या मागच्या भिंतीत कान कोरलेले आहेत. ज्यांना आत जाता येत नव्हते त्यांनी तिथे उभे राहून बोलावे, देव ऐकतो, असा त्यांचा अर्थ लावतात. आमच्याबरोबरचे मराठी प्रवासी याने गहिवरले. देवाची केवढी ही करुणा! माझ्या डोळ्यांपुढे पंढरपूर आले. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे, आणि ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. माझी आजी गावच्या देवळाला रस्त्यावरूनच हात जोडी. ज्याला दार नाकारले त्याच्यासाठी भिंतीला कान कोरणे ही करुणा नसून बंदोबस्त आहे. तक्रार बाहेरच ऐकून घेतली की आत कोणी येत नाही.

कोम ओम्बोला आणखीही एक गोष्ट आहे. १९६० ते १९७० या काळात अस्वानचे मोठे धरण बांधले गेले. त्या पाण्यात अबू सिंबेलची मंदिरे बुडू नयेत म्हणून युनेस्कोने जगभर हाक दिली, आणि १९६४ ते १९६८ मध्ये ती कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. याच धरणाने इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्यूबियनांना १९६३-६४ मध्ये नदीकाठची गावे सोडायला लावली. त्यांना आणून वसवले ते कोम ओम्बोच्या परिसरात, नदीपासून दूर, सरकारी घरांच्या रांगांत. २०१४ च्या इजिप्तच्या संविधानाने त्यांना दहा वर्षांत मूळ प्रदेशात परत नेण्याचे वचन दिले. ती मुदत २०२४ ला उलटून गेली. दगडांचे पुनर्वसन पाहायला आज तिकीट काढून जाता येते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत कोम ओम्बोला दीड तास दिलेला होता आणि त्यात मगरींच्या ममींचे संग्रहालयही होते. नस्र अल-नूबा हे त्या वसाहतीचे नाव मात्र तिच्यात कुठेच नव्हते.