‘एल तेम्बा’ : तोऱ्यामागील उपहास

१९९०च्या दशकात क्यूबात बहरलेल्या ‘तिम्बा’ या नृत्यसंगीतावर उथळपणाचा आक्षेप वारंवार घेण्यात आला. ‘चारांगा हाबानेरा’ या वाद्यवृंदाचे ‘एल तेम्बा’ (१९९६) हे गीत त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. तेम्बा म्हणजे मध्यमवयीन मनुष्य. आपल्याला पोसील असा तेम्बा गाठावा, असा सल्ला हे गीत तरुणीला देते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर (१९९१) क्यूबात तीव्र टंचाई आली, आणि १९९३ मध्ये डॉलर बाळगण्यास मुभा मिळताच पगाराचे मोल उरले नाही. निकोलास गियेन यांच्या ‘तेंगो’ (१९६४) या कवितेत, क्रांतीमुळे सामान्यांना त्यांच्या हक्काचे मिळाले, हा आनंद आहे. प्रस्तुत गीत त्याच कवितेचा पडसाद उमटवून ते हक्काचे धन प्रौढाच्या खिशात शोधावयास सांगते. उपहासाची धार येथे आहे.

तिम्बाची नादरचनाही या वृत्तीस अनुरूप आहे. पितळी वाद्यांचे कडक, तुटक आघात तोरा मिरवितात. मध्येच खर्जाचे वाद्य आपली नेहमीची चाल सोडून देते, आणि केवळ तालवाद्यांच्या व पालुपदाच्या बळावर नृत्य चालू राहते. आधार सुटल्यावरही न अडखळणे, हाच या तोऱ्याचा खरा आशय होय. त्याला निव्वळ उथळ म्हणणे म्हणूनच न्याय्य ठरत नाही.