‘विजेता’तील विमान : एक आकलन

युद्धपटातील विमान हे केवळ नेपथ्य नसते. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) या चित्रपटासाठी जुनी स्पिटफायर व हरिकेन विमाने शोधून उडती करण्यात आली. जर्मन मेसरश्मिटची भूमिका स्पेनमधील बुचोन विमानांनी केली. त्यांचे इंजिन मात्र ब्रिटिश रोल्स-रॉइसचे होते! एकेकाळी परस्परांविरुद्ध लढलेले स्टॅनफर्ड टक आणि अॅडॉल्फ गॅलंड हे वैमानिक तेथे सल्लागार होते. दोन्ही बाजूंची स्मृती असल्यामुळे शत्रूलाही चेहरा मिळाला.

दिलीप चित्रे लिखित व गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘विजेता’ची (१९८२) स्थिती निराळी आहे. १९७१ च्या युद्धाची पार्श्वभूमी असलेल्या या चित्रपटातील मिग-२१ तेव्हा प्रत्यक्ष सेवेत होते आणि ते हवाई दलाच्या सहकार्यानेच पडद्यावर आले. सहकार्य घेऊन युद्धाविषयी अप्रिय प्रश्न विचारणे अवघड, ही मर्यादा येथे जाणवते. चित्रे यांनी वाट काढली ती घरातून. निहाल आणि नीलिमा यांच्या विसंवादी संसारात गोंधळलेला अंगद वैमानिक होतो तो स्वतःच्या शोधापोटी. शत्रुद्वेष त्यामागे नाही. परंतु छायालेखनही निहलानींचेच असल्याने आकाश इतके देखणे झाले आहे की नीलिमेचे दुःख उत्तरार्धात मागे पडते. पटकथेवरचा हा अन्यायच म्हणावा लागेल.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. ‘विजेता’तील उड्डाणदृश्ये आता दस्तऐवज म्हणूनही पाहिली जातील, घरातल्या दृश्यांना मात्र तशा आधाराची गरज नव्हती.