व्हिडिओ गेमची परीक्षणे : वैयक्तिक मत आणि पूर्वग्रह ('राजी' या खेळाच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :

व्हिडिओ गेमच्या परीक्षणांविषयी वाचकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. परीक्षकाने खेळाविषयी लिहिण्याऐवजी स्वतःचे मतच लिहिले, अशी ती तक्रार असते. मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले, तेव्हा नाना फडणविसांच्या चित्रणाने दुखावलेल्या मनांची प्रतिक्रिया आणि मानवी भिंतीच्या अभिनव नाट्ययोजनेचे मूल्यमापन यांची एवढी सरमिसळ झाली की कोणते मत नाटकाविषयीचे आणि कोणते इतिहासाविषयीचे, हे निवडणे अवघड होऊन बसले. नाट्यसमीक्षेला निदान दीर्घ परंपरेचे पाठबळ होते. व्हिडिओ गेमची समीक्षा मात्र बव्हंशी ग्राहक-मार्गदर्शनातून वाढली. खेळ विकत घ्यावा की न घ्यावा, एवढेच तिला प्रारंभी सांगावयाचे होते. साहजिकच, आडतीवर मालाची प्रत तपासणाऱ्याकडून अपेक्षावा तसा तटस्थपणा तिच्याकडून अपेक्षिला गेला. ही अपेक्षाच मुळात कितपत रास्त आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रसविघ्नांचा विचार :

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'मध्ये रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन येथे विशेष उपयुक्त ठरतात. स्वतःच्या अथवा परक्याच्या विशिष्ट देशकालात गुंतून पडणे, हे एक विघ्न. आणि स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे, हे दुसरे. घरची विवंचना घेऊन नाट्यगृहात आलेल्या प्रेक्षकाला रस लाभत नाही. गीत, वाद्य, सजलेला रंगमंडप यांनी त्याला त्या विवंचनेतून बाहेर काढावयाचे असते. आजच्या परिभाषेत ज्याला परीक्षकाचा पूर्वग्रह म्हटले जाते, त्याचे इतके नेमके विश्लेषण आधुनिक चर्चेतही क्वचितच आढळते.

तथापि, हे विश्लेषण नाटकाचे आहे. व्हिडिओ गेममध्ये एक मूलभूत फरक पडतो. नाटकात नट वेगळा आणि प्रेक्षक वेगळा. येथे एकच व्यक्ती दोन्ही असते. नायिकेची उडी चुकते ती खेळणाऱ्याचा अंगठा चुकल्यामुळे. पराभवाची चीड, दहाव्या प्रयत्नात मिळालेला जय, हाताला येणारा शीण ही सारी खेळणाऱ्याची स्वतःची सुखदुःखे होत, आणि ती बाहेरून आलेली नसतात. खेळ रचणाऱ्याने ती हेतुपुरस्सर योजलेली असतात. दहा वर्षांचा सराव असलेला तरुण आणि प्रथमच खेळू पाहणारा प्रौढ यांच्या पडद्यावर नाव एकच उमटत असले, तरी वस्तुतः त्यांच्या वाट्याला येणारे खेळ दोन असतात. म्हणजे नाटकात जे विघ्न, तेच येथे आस्वादाचे साधन होते. अशा कलाप्रकाराच्या परीक्षणातून वैयक्तिक मत वगळल्यास मागे उरते ती चित्रांची स्पष्टता, कालावधी आणि किंमत यांची जंत्री. ती जंत्री वेष्टनावरही वाचता येते.

जपानमधील 'फामित्सू' या नियतकालिकाने ही अडचण साध्या युक्तीने हाताळली. एका खेळाला चार परीक्षकांनी स्वतंत्रपणे दहापैकी गुण द्यावयाचे आणि बेरीज चाळीसपैकी छापावयाची. मते चार आहेत, ती चार माणसांची आहेत, हे त्यात लपविलेले नाही.

'राजी' आणि तिचे परीक्षक :

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने निर्माण केलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेंडो स्विचवर आला व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्य माध्यमांवर उपलब्ध झाला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. असे असूनही २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्यास नामांकन मिळाले. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाचा शोध ती घेते आणि विष्णू व दुर्गा तिच्या प्रवासाचे निवेदन करतात. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, छायाबाहुल्यांच्या धर्तीवरील कथाप्रसंग आणि देवदेवतांच्या कथा सांगणारी भित्तिचित्रे ही खेळाची बलस्थाने होत.

इंग्रजी परीक्षणांचा सर्वसाधारण सूर असा होता : दृश्यरचना मनोहर, कथाविश्व ताजे, परंतु लढाया एकसुरी, लांबी तोकडी आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा. यातील उत्तरार्ध बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. शेवट खरोखरच तुटका आहे. प्रश्न उरतो तो 'ताजे' या शब्दाचा. कोणाला ताजे? ग्रीक पुराणांवरील खेळांना सरावलेल्या परीक्षकास दुर्गेची कथा नवी वाटली, तर तो गुण खेळाचा की परीक्षकाच्या अपरिचयाचा? नावीन्याचे हे श्रेय कथनाच्या कसोटीवर तपासले गेलेच नाही. वास्तविक भित्तिचित्रांसमोर थांबून ऐकावयाच्या कथा राजीच्या शोधाशी पुष्कळदा सैलच जोडलेल्या आहेत. भावाच्या काळजीने धावणारी मुलगी चित्रासमोर उभी राहून पुराण ऐकते, यातील विसंगती अपरिचयाच्या कौतुकात झाकून गेली.

भारतातील स्वागताची तऱ्हा याच्या उलट होती. येथे 'आपल्या पुराणांवरचा आपला खेळ' ही ओळख पुढे आणि खेळ मागे, असे अनेकदा घडले. अभिनवगुप्ताच्या भाषेत सांगावयाचे तर एकीकडे परगत देशकालाचा आवेश, दुसरीकडे स्वगत देशकालाचा. दोन्हीकडील गुण उदार होते, आणि दोन्हीकडे ते खेळाबाहेरील कारणाने दिले गेले. नवोदित संस्थेला अशी उदारता उपकारक वाटते, परंतु लढाईची रचना कोठे फसली हे तिला त्यातून कळत नाही.

मग कळंबसारख्या गावातील परीक्षक निर्दोष ठरेल काय? तसेही नाही. ज्या जिल्ह्यात तुळजापूरची भवानी आहे, जेथे महिषासुरमर्दिनीची कथा संबळाच्या तालावर गोंधळातून कानी पडते, तेथील खेळाडूला इंग्रजीत बोलणारी दुर्गा प्रथम खटकणारच. हाही पूर्वग्रहच होय. मात्र तो उघडपणे मांडला गेल्यास त्यातून एक खरा समीक्षाप्रश्न निष्पन्न होतो : देवीचा आवाज कोणत्या भाषेत असावा, आणि भाषांतरित देवी खेळाच्या परिणामात काय बदल घडवते? २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजाची भर पडली, यावरून हा प्रश्न निर्मात्यांनाही जाणवला असावा. 'कथाविश्व ताजे' या शेऱ्यातून तो कधीच उपस्थित झाला नसता.

गुणांकनाचा प्रश्न :

वैयक्तिक मत आणि पूर्वग्रह यांतील सीमारेषा येथे स्पष्ट होते. मत धारण करणाऱ्याची जागा दिसत असते, पूर्वग्रहात ती दडलेली असते. ती दडविण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे अंक. २००१ मध्ये सुरू झालेले 'मेटाक्रिटिक' निरनिराळ्या परीक्षणांची भारित सरासरी काढून शंभरपैकी एक आकडा देते. कोणाच्या मताला किती भार, हे मात्र प्रकट करीत नाही. या आकड्याचे वजन किती, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 'फॉलआउट : न्यू वेगास' (२०१०) या खेळाच्या निर्मात्यांना ८५ गुण मिळाल्यास अधिक मोबदला मिळावयाचा होता, मिळाले ८४. ही गोष्ट २०१२ मध्ये त्यांच्यापैकीच एकाने सांगितली. एका गुणाच्या त्या उणिवेत किती परीक्षकांचा थकवा, किती जणांची घाई सामावली असेल, हे त्या आकड्यावरून कोण सांगणार?

दडलेल्या हितसंबंधाचे उदाहरण त्याहून कठोर आहे. 'गेमस्पॉट'चे परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी २००७ मध्ये 'केन अँड लिंच' या खेळाला दहापैकी सहा गुण दिले. त्याच सुमारास त्या संकेतस्थळावर या खेळाच्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांना कामावरून काढण्यात आले. जाहिरातदारांच्या दडपणाची हकीकत त्यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितली. येथे वैयक्तिक मत हेच परीक्षणाचे बळ होते आणि दोष होता तो व्यवस्थेचा.

सामान्य खेळाडूंची तारांकने अधिक स्वच्छ असतात, असेही म्हणता येत नाही. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस : भाग २' प्रकाशित होताच, पुरता खेळून होणे अशक्य अशा अल्पावधीत, हजारोंनी त्यास नीचतम गुण दिले. त्यानंतर 'मेटाक्रिटिक'ने प्रकाशनापासून ३६ तास खेळाडूंची मते न स्वीकारण्याचा नियम केला. भारतात २६ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या 'फौजी' या मोबाईल खेळाच्या वाट्यालाही असेच आले. पाच तारे देणाऱ्यांत देशाभिमानी होते, एक तारा देणाऱ्यांत 'पब्जी'वरील बंदीने चिडलेले होते. खेळात मोजक्याच गोष्टी करण्यासारख्या आहेत, ही रास्त तक्रार करणाऱ्यांचा आवाज या दोहोंच्या मध्ये क्षीण झाला.

साधनांचा पूर्वग्रह मात्र आजही दुर्लक्षित आहे. नावाजलेली परीक्षणे महागडे यंत्र, मोठा पडदा आणि अखंड वीज गृहीत धरून लिहिली जातात. तालुक्याच्या गावी खेळ पोहोचतो तो बहुधा मोबाईलवर, मर्यादित डेटामध्ये आणि बॅटरीकडे लक्ष ठेवीत. 'राजी'देखील पुढे नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी मोबाईलवर आला. बटणांऐवजी काचेवर बोट फिरवून त्रिशूळ चालवावयाचा, म्हणजे लढाईचे गणितच बदलते. परंतु खेळाच्या नावापुढे दिसत राहिला तो २०२० मध्ये स्विच व तत्सम यंत्रांवर खेळून दिलेल्या गुणांचा आकडा. तो वाचून कळंबचा विद्यार्थी खेळ उतरवून घ्यावयाचा की नाही हे ठरवू लागला, तर त्याच्या हातातील यंत्राचा, त्याला ऐकू येणाऱ्या हिंदी आवाजाचा आणि त्याच्या सरावाचा त्या आकड्याशी कोणताही संबंध नसतो. परीक्षण कोणत्या यंत्रावर, किती तास, कोणत्या काठिण्यपातळीवर खेळून लिहिले आणि खेळाची प्रत कोणी दिली, या चार गोष्टी परीक्षणाच्या आरंभी छापण्यास दोन ओळी पुरतात.