छताखालचा आवाज : ओडिऑन, अजिंठा आणि आपली नाट्यगृहे

रोमन रंगमंदिर म्हटले की डोळ्यांसमोर येते ते उघड्या आभाळाखालचे, पायऱ्यापायऱ्यांचे भव्य अर्धवर्तुळ. पण रोमन जगात गायन-वादन आणि काव्यवाचनासाठी आणखी एक वास्तू होती : ओडिऑन. आकाराने लहान, आणि छत असलेली. आपल्या नाट्यगृहांच्या चर्चेत मात्र तिची आठवण क्वचितच निघते.

पाँपेईत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. मोठ्या रंगमंदिरात सुमारे ५,००० माणसे बसत, तर इ. स. पू. ८०च्या सुमारास बांधलेल्या लहान रंगमंदिरात सुमारे १,५००. तिथल्या शिलालेखात या लहान वास्तूला ‘छत असलेले रंगमंदिर’ असेच म्हटले आहे. छताच्या तुळया टेकवायच्या म्हणून ती चार भिंतींच्या चौकटीत बसवली आणि अर्धवर्तुळाची दोन्ही टोके छाटली. आकाराचा डौल गेला, काही बैठका गेल्या; छत राहिले.

अथेन्समध्ये अग्रिपाने इ. स. पू. १५च्या सुमारास बांधलेल्या ओडिऑनची कथा अधिक बोलकी आहे. सुमारे १,००० श्रोत्यांवर, मध्ये एकही खांब न घेता, जवळपास २५ मीटर रुंदीचे छत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास ते कोसळले. दुरुस्तीत मध्ये भिंत घालून सभागृह लहान केले. बैठका निम्म्यावर आल्या. छत काढून टाकून जागा वाचवता आल्या असत्या. तसे केले नाही.

हा अट्टहास केवळ ऊन-पावसापायी नव्हता. उघड्यावर आवाज विरतो. भिंती आणि छत तो श्रोत्याकडे परतवतात. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्यायही हेच सांगतो. नाट्यमंडप पर्वतगुहेसारखा, वारा न शिरणारा असावा. फार मोठा केला तर शब्द अस्पष्ट होतात, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. म्हणून ६४ हात लांब, ३२ हात रुंद हे मध्यम माप. यात कोणी कोणाचे उचलले हा वाद उकरण्याचे कारण नाही. अडचण एकच होती, आणि ती माणसाच्या गळ्याची व कानाची होती.

जळगावकरांना गुहेचा अनुभव जवळच मिळतो. अजिंठ्याचे दहावे लेणे इ. स. पू. दुसऱ्या शतकातले, ३०.५ मीटर लांब आणि १२.२ मीटर रुंद. हा चैत्य आहे, नाट्यगृह नव्हे, हे विसरून चालणार नाही. दगडी पोकळीत आवाज रेंगाळतो. पठणाला ते मानवते, संवादाला नाही. नाट्यशास्त्र गुहेची उपमा देऊनही मंडपात भरपूर लाकूडकाम सांगते, आणि ओडिऑनचे छतही लाकडीच असे, हे इथे ध्यानात घ्यावे. लाकडाने आवाजाचा रेंगाळ आवरतो.

आता आपल्याकडे पाहू. खानदेशातील वहीगायन डफाच्या साथीने उघड्यावर रंगते. त्याला छत लागत नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे नाट्यगृहही खुलेच आहे. उघड्या रंगभूमीची ही परंपरा कमी प्रतीची नव्हे. तिचा गळाच त्या जागेसाठी घडलेला असतो. प्रश्न आहे तो बंदिस्त नाट्यगृहांचा. ती बांधताना ‘खुर्च्या किती?’ हे आधी विचारले जाते आणि ध्वनी नंतर ध्वनिक्षेपकावर सोपवला जातो. मग शेवटच्या रांगेत आवाज मोठा पोचतो, शब्द पोचत नाही. आणि नटाचा कुजबुजता स्वर, गायकाचा हलका मुरका तिथे जन्मच घेऊ शकत नाही.

अथेन्सने निम्म्या बैठका गमावल्या आणि ऐकणे राखले. धुळे-जळगावात पुढचे नाट्यगृह बांधायला निघेल तेव्हा एवढा एक हिशेब नकाशावर आधी मांडला जावा.