कोणी बघत नसताना

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा साठेक पानांतच कंटाळून ठेवून दिलं होतं. गळती, पंप, फाटलेलं शीड, पुन्हा पंप. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस, आणि लिहितो मात्र एखाद्या गॅरेजवाल्यासारखं! त्या दिवसांत मी बर्नार्ड मोइतेसिएच्या ‘द लाँग वे’वर लुब्ध होतो. शिडाच्या होडीवर शिकायला नुकती सुरुवात केली होती आणि मला समुद्रावरचं काव्य हवं होतं. आज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना माझी पसंती उलटी झाली आहे. त्याला दोन कारणं आहेत. एक तिसरं पुस्तक, आणि माझी स्वतःची एक लबाडी.

ही तिन्ही पुस्तकं एकाच शर्यतीतून आली. ‘संडे टाइम्स’ने 1968 साली जाहीर केलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीला ना पात्रता फेरी होती ना एकत्र सुरुवात. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात कधीही निघायचं आणि तीन मोठी भूशिरं वळसा घालून परत यायचं. प्रथम येणाऱ्याला करंडक, सर्वांत कमी वेळात येणाऱ्याला 5000 पौंड. नऊ जण निघाले, पोचला एकच. नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला फालमथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतला.

त्याची ‘सुहैली’ आपल्या मुंबईची. व्यापारी जहाजावर नोकरी करताना त्याने ती इथे बांधून घेतली. साग वापरून, वाकस आणि दोरीने फिरणारा सामता अशी हत्यारं चालवणाऱ्या सुतारांकडून. बत्तीस फुटांची, जडशीळ, मंदगती होडी. जिंकणाऱ्याची निवड म्हणून कोणी तिच्याकडे पाहिलं नसतं; नव्या होडीला पैसे मिळेनात म्हणून तो हिलाच घेऊन निघाला. ज्या हातांनी ती घडवली त्यांचं कोणतंही पुस्तक नाही, हे मला या सगळ्या साहित्याबद्दल नेहमी खटकतं. असो.

पुस्तकातला एक प्रसंग सांगतो. केप व्हर्द बेटांच्या आसपास सुहैली फार पाणी घेऊ लागते. तळाशी, कीलच्या वर, फळ्यांमधली फट उघडली आहे. हा पाण्यात उतरतो. श्वास रोखून खाली जायचं, फटीत कापूस ठासायचा, वर यायचं. गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून गडद कपडे घातलेले. मध्येच कॉफी प्यायला वर येतो तर खरोखरच शार्क घिरट्या घालत असतो. बंदुकीने त्याला मारतो, रक्ताच्या वासाने आणखी येतात का याची वाट पाहतो आणि पुन्हा पाण्यात उतरतो. दुसऱ्या कोणी या प्रसंगावर आख्खं प्रकरण रचलं असतं. इथे भर सगळा कापूस टिकेल का, वरून कॅनव्हासची पट्टी कशी ठोकायची यावर. पहिल्या वाचनात मला हे रूक्ष वाटलं. आता वाटतं, भीतीचं याहून प्रामाणिक वर्णन कसं करणार? घाबरलेला माणूस खिळ्यांकडेच बघतो.

मोइतेसिए फार मोठा लेखक आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याच्या ‘जोशुआ’ भोवतीचे पक्षी, डॉल्फिन, रात्रीचा प्रकाश ज्याने वाचला त्याला समुद्र तसाच दिसायला लागतो. केप हॉर्न ओलांडल्यावर तो जिंकू शकला असता, निदान वेगाचं बक्षीस तरी. पण उत्तरेकडे न वळता तो सरळ पुढे निघाला आणि ताहितीला जाऊन थांबला. निर्णयाची चिठ्ठी केप टाउनजवळ गलोलीने एका जहाजावर फेकली. तारुण्यात हे वाचून मी भारावलो होतो. आता मला त्या पानांवर एक माणूस स्वतःकडे बघताना दिसतो. किनाऱ्यावर थांबलेल्या बायकोच्या बाजूने तो मोक्ष कसा दिसत असेल, तिथे हे पुस्तक फार वेळ रेंगाळत नाही.

आता माझी लबाडी. मुंबई बंदरात हिवाळ्यात शनिवार-रविवारी छोट्या होड्यांच्या शर्यती होतात. हा छंद बाहेरून दिसतो तेवढा देखणा नाही. दोरांनी तळवे सोलतात, खाऱ्या पाण्यात त्या जखमा चरचरतात, होडी उलटली की हार्बरचं काळं पाणी नाकातोंडात जातं, आणि खर्चाबद्दल घरी खोटं बोलावं लागतं. पण दुपारी समुद्रावरून वारा धरतो, होडी कलते, तुम्ही काठावरून अंग बाहेर झोकता आणि सुकाणूच्या दांड्यातून पाण्याची थरथर हातात येते. त्या दहा मिनिटांसाठी बाकीचं सगळं माफ असतं.

शिडांच्या शर्यतीत खुणेचा बोया वळसा घालून जायचा, त्याला शिवायचं नाही. शिवलात तर बाजूला होऊन होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं. बहुतेक शर्यतींत हे बघायला पंच नसतो. ज्याने चूक केली त्याने स्वतःच शिक्षा घ्यायची. दुसऱ्या हिवाळ्यात एका शर्यतीत आमच्या होडीचा मागचा कोपरा बोयाला घासला. आसपास कोणी नव्हतं. पुढचं छोटं शीड सांभाळणाऱ्या जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. मी वर शिडाकडे पाहिलं. आम्ही तिसरे आलो. गिरकी घेतली असती तर चौथे, कदाचित पाचवे आलो असतो. हातभर उंचीचा एक कप मिळाला. चौथा आलेला माणूस वयाने मोठा होता. येऊन माझा हात हातात घेऊन अभिनंदन करून गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल यांचं ‘द स्ट्रेंज लास्ट व्हॉयेज ऑफ डोनाल्ड क्रोहर्स्ट’ (1970) वाचलं. क्रोहर्स्ट हा त्या शर्यतीतला आमच्यासारखा, म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा दर्यावर्दी. इलेक्ट्रॉनिक्सचा डबघाईला आलेला धंदा, पैसे लावणाऱ्याशी केलेला गळ्याला फास लागेल असा करार, अर्धवट तयार ट्रायमरन. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला तो निघाला. दक्षिण महासागरात होडी टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि खोटी ठिकाणं कळवू लागला. मग कित्येक आठवडे रेडिओ बंद. बेत असा, की सगळ्यांच्या शेवटी पोचायचं. शेवटच्याची नोंदवही कोण तपासतो?

टोमालिन-हॉल दोघेही पत्रकार, पण त्यांनी केलं ते समीक्षकाचं काम. रिकाम्या होडीत सापडलेल्या वह्या त्यांनी ओळ न् ओळ वाचल्या. खोट्या जागेसाठी सूर्याचे कोन उलट्या गणिताने काढावे लागतात. खऱ्या नोंदीपेक्षा हे कितीतरी अवघड. हा माणूस नौकानयनाचा उत्तम विद्यार्थी होता हे त्याच्या फसवणुकीतूनच सिद्ध होतं. मग नायजेल टेटलीची होडी 21 मे 1969 ला बुडाली. क्रोहर्स्ट मागून जोरात येतोय या समजुतीने त्याने मोडकळीला आलेली होडी ताणली होती. आता वेगाचं बक्षीस क्रोहर्स्टच्याच गळ्यात पडणार आणि वह्या तपासल्या जाणार. शेवटच्या दिवसांत त्याने सुमारे पंचवीस हजार शब्द लिहिले. शेवटची नोंद 1 जुलैची. लेखकद्वयी त्याला वेडा म्हणून मोकळं सोडत नाही आणि खलनायकही करत नाही. पानोपानी विचारत राहते, इथे परत फिरता आलं असतं का?

2018 चा ‘द मर्सी’ हा चित्रपट नेमका हाच प्रश्न घालवतो. कॉलिन फर्थ उत्तम अभिनेता आहे, पण दिग्दर्शक जेम्स मार्शने त्याच्या क्रोहर्स्टला परिस्थितीने गांजलेला भला माणूस करून ठेवलं आहे. दोष जातो प्रसिद्धीवाल्याकडे, वर्तमानपत्रांकडे, पैसेवाल्याकडे. तो त्यांचाही होताच. पण पेन्सिल कोणाच्या हातात होती? त्यापेक्षा 2006 चा ‘डीप वॉटर’ हा माहितीपट बघावा. त्यात जुन्या चित्रफिती आहेत आणि मागे राहिलेल्या माणसांचे चेहरे.

हे वाचून झाल्यावर मी पुन्हा नॉक्स-जॉन्स्टनकडे गेलो. आता ते पंप आणि खिळे वेगळेच वाचले गेले. रेडिओ बंद पडल्यावर तो कित्येक महिने जगाच्या लेखी बेपत्ता होता. त्यालाही काहीही लिहिता आलं असतं. तो गळती लिहितो, चिडचिड लिहितो, स्वतःच्या चुका लिहितो. त्याने वेगाचे 5000 पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले, हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती त्याची कंटाळवाणी नोंद.

पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये ही शर्यत जुन्याच साधनांनी पुन्हा झाली. अभिलाष टॉमी सुहैलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर निघाला, हिंदी महासागरात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. 2023 मध्ये तो दुसरा आला. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर. या पिढीच्या मागावर उपग्रह असतात, त्यामुळे क्रोहर्स्टची सोय राहिलेली नाही.

मला मात्र टेटली छळतो. शर्यतीच्या या सगळ्या वाङ्मयात तो तळटीपेसारखा येतो. पृथ्वीप्रदक्षिणेचं वर्तुळ त्याने पूर्ण केलेलं होतं, जाताना आखलेली रेघ येताना ओलांडली होती, आणि मग मागे नसलेल्या माणसाच्या भीतीने होडी गेली. त्याने ‘ट्रायमरन सोलो’ नावाचं पुस्तक लिहिलं. फोर्टातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला मी ते शोधायला सांगून ठेवलं आहे. कप अजून माझ्याचकडे आहे. त्या चौथ्या आलेल्या गृहस्थांचा फोन नंबरही आहे.